तिथे अर्थिंग कुठे देतात?

पालघर-बोईसरच्या माणसाला ‘शटल’ हा शब्द अंतराळाने शिकवलेला नाही. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी विरारच्या पुढचा आमचा पुष्कळसा प्रवास शटलच्या भरवशावर चालत असे. विरारहून निघायचे, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी एकेक स्थानके घेत डहाणू गाठायचे आणि तीच गाडी उलटी फिरून परत. भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या, कारखान्यांतील पाळीचे कामगार आणि सुटी संपवून वसतिगृहात परतणारे, लोखंडी पेटी दाराशी टाकून तिच्यावरच बसलेले आम्ही. म्हणून डिसेंबर २००६ मध्ये विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर ‘स्पेस शटल डिस्कव्हरी’ ही अक्षरे लिहिली तेव्हा वर्गात खसखस पिकली. सर रागावले नाहीत. तुमच्या मनात आले ते बरोबरच आहे, असे ते म्हणाले. ही गाडीही माल आणि माणसे पोहोचवते, परत येते, पुन्हा जाते. ही तिची तेहतिसावी खेप.

२००९ साली दहावीची परीक्षा देऊन या आवारातून बाहेर पडलेली आमची तुकडी. स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापली आठवण लिहावी असे प्रथम ठरले होते. आपसांत बोलणे झाल्यावर ध्यानात आले, की आठवीच्या वर्षातील ते दोन आठवडे प्रत्येकाच्याच आठवणीत आहेत आणि ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. तेव्हा हा लेख सर्वांचा समजावा.

अंतराळ हा विषय आमच्या वर्गात कल्पना चावला यांच्या छायाचित्रापासून सुरू होत असे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटले, त्या वेळी आम्ही आपापल्या गावच्या शाळांत चौथीत होतो. त्या अपघातानंतर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची उभारणी थांबली. स्थानक तोवर अर्धेमुर्धे होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्याचा पहिला भाग वर गेला होता आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसे अखंड राहत होती, पण बांधकाम अपुरे. घर बांधायला काढावे, अर्ध्या भिंती उभ्या राहाव्यात, राहायला जावे आणि मग गवंडी येणेच बंद व्हावे, तसा प्रकार. सप्टेंबर २००६ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबरात डिस्कव्हरी निघाली. मोहिमेचे नाव एसटीएस-११६.

७ डिसेंबरचे उड्डाण ढगांमुळे रद्द झाले. पुढचा मुहूर्त अमेरिकेत शनिवारी रात्रीचा, म्हणजे आपल्याकडे रविवार, १० डिसेंबरच्या सकाळी ७ वाजून १७ मिनिटांचा. कोलंबियाच्या अपघातानंतरचे रात्रीचे हे पहिलेच उड्डाण होते. वंदना आटोपून आम्ही सभागृहात दूरचित्रवाणी संचासमोर बसलो आणि वीज गेली. भारनियमनाचे ते दिवस होते. ज्या वर्षी तारापूरच्या अणुवीज केंद्राचा ५४० मेगावॉटचा तिसरा संच उत्पादन देऊ लागला, ज्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्याच वर्षी त्याच तालुक्यात आम्ही काळ्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. यात विनोद शोधायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. यान सुखरूप वर गेल्याचे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले.

वर्तमानपत्रातील छायाचित्र एकाच व्यक्तीचे होते: सुनीता विल्यम्स. वडील डॉ. दीपक पंड्या मूळचे गुजरातमधील झुलासणचे, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गाने वर गेले की येणाऱ्या मेहसाणा जिल्ह्यातले. त्यामुळे त्या ‘आपल्या’. आनंद आम्हालाही झालाच. पण सरांनी बोईसरच्या सायबर कॅफेतून छापून आणलेल्या कागदावर सातही जणांचे चित्र होते, आणि मुलींच्या बाकांवरून प्रश्न आला, “सर, ही कोण?” ती जोन हिगिनबॉथम. शिकागोत जन्मलेली कृष्णवर्णीय विद्युत अभियंता. याने उडवतात त्या केनेडी केंद्रावर तिने नऊ वर्षे नोकरी केली आणि त्या काळात ५३ उड्डाणांच्या कामात तिचा हात होता. त्रेपन्न वेळा दुसऱ्यांना गाडीत बसवून देणारी बाई अखेर स्वतः गाडीत बसली होती. तिच्याआधी अंतराळात गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रिया दोनच. चित्रात रॉबर्ट कर्बीम हेही होते, बाल्टिमोरचे. या मोहिमेतील सर्वांत कष्टाचे काम त्यांच्या वाट्याला यायचे होते. ते चित्र वाचनालयाच्या फलकावर लागले आणि कागद पिवळा पडेपर्यंत तिथेच राहिले. वर्तमानपत्रांतले कोणतेही कात्रण त्याच्या जागी लावू द्यायचे नाही, असा मुलींनी जणू ठरावच केला होता.

हे लोक वर जाऊन करणार काय होते? आम्हाला वाटले, काही भव्य शोध असेल. सरांनी सांगितले ते ऐकून वर्ग हिरमुसला. यानाच्या पोटात धातूच्या सांगाड्याचा एक तुकडा होता, ‘पी-५’ नावाचा, वजन सुमारे १,८०० किलो. स्थानकाच्या लांब कण्याला तो जोडायचा. तो तुकडा वीज निर्माण करत नाही, त्यात कोणी राहत नाही, त्यात दुर्बीण नाही. पुढे बसवायच्या सौरपंखांना आधीच्या पंखांपासून पुरेसे अंतर मिळावे म्हणून मध्ये घालायचा तो नुसता सांधा. आणि दुसरे काम वायरिंगचे. स्थानकाची वीज इतकी वर्षे तात्पुरत्या जोडणीवर चालली होती, ती कायमच्या जोडणीवर आणायची. म्हणजे बांधकामावरच्या मीटरवरून घराच्या मीटरवर येणे. यासाठी माणसाने आकाशात जावे?

१२ डिसेंबरला तो सांधा बसला. हिगिनबॉथम आतून यांत्रिक हात चालवत होती. बाहेर कर्बीम आणि स्वीडनचे पहिले अंतराळवीर क्रिस्टर फुगलसांग तरंगत राहून ‘आणखी इकडे, आणखी खाली’ असे सांगत होते, कारण बाजूच्या सांगाड्यापासून मोकळीक अवघ्या काही इंचांची होती. लागलेला वेळ साडेसहा तासांहून थोडा अधिक. ट्रक मागे घेताना क्लीनर हात दाखवतो तसेच, असे आमच्यातील एक जण म्हणाला. त्याचे वडील तारापूर एमआयडीसीत ट्रकवर होते आणि या विषयातील त्याचा अधिकार आम्ही मान्य करत असू.

रविवार, १७ डिसेंबर हा पालकांच्या भेटीचा दिवस होता. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील बोईसरहून आले. मूळ मराठवाड्यातले, बोईसरच्या एका चाळीत राहणारे, कंत्राटी वायरमन. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आत वळलेली होती. कुठल्याशा कारखान्यात ते पॅनेलवर काम करत असताना कोणी तरी मागे मेन स्विच चालू केला होता. जीव वाचला, बोटे गेली, आणि कंत्राटी असल्याने पुढच्या आठवड्यापासून कामही गेले. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी इतकेच माहीत होते, की त्यांचा मुलगा शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढाच शब्द लिहितो आणि विषय निघाला की दुसरीकडे पाहतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पिढ्यान्पिढ्या हाताचेच काम होते. त्या कामाकडे जग कोणत्या नजरेने पाहते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

काका वाचनालयाच्या ओट्यावर डबा उघडून बसले होते. फलकावरचे चित्र पाहून त्यांनी विचारले, हे कोण? वायरमन आहेत, असे कोणी तरी उत्तर दिले. ते चेष्टेने दिलेले उत्तर नव्हते. आठवडाभर आम्ही तेच ऐकत होतो. काकांनी डबा बाजूला ठेवला. मग सरही आले आणि हातातील कागदावरून सांगू लागले: १४ डिसेंबरला स्थानकाची सुमारे अर्धी विद्युतव्यवस्था मुद्दाम बंद केली. दोघे बाहेर जाऊन जोडण्या बदलून आले. मग ती अर्धी सुरू केली, चार वर्षांपूर्वी वर नेऊन बसवलेले आणि तोवर न वापरलेले शीतकरणाचे पंप चालतात का ते पाहिले. ते चालले. आता राहिलेल्या अर्ध्याची पाळी होती. ती कर्बीम आणि सुनीता विल्यम्स या दोघांनी त्या दिवशी आपल्या पहाटेच्या सुमारास पुरी केली होती, पण ती बातमी आमच्यापर्यंत पोहोचायची होती.

काकांनी एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारली. “बंद करून मगच हात घातला ना? कोण बंद करतं? हात घालणारा का दुसरा?” दुसरे, जमिनीवरून, ह्यूस्टनमधून बंद करतात, असे सरांनी सांगितले. “आणि चालू करायच्या आधी ह्याला विचारतात?” विचारतात, बाहेरच्या माणसाचा होकार आल्याशिवाय काहीच होत नाही. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “असं पाहिजे.” त्यांच्या त्या दोन शब्दांत काय काय होते हे समजण्याचे आमचे वय नव्हते, त्यांची वळलेली बोटे मात्र आम्ही त्या दिवशी प्रथम नीट पाहिली.

त्यानंतर ते मोकळे झाले आणि जवळजवळ दोन तास वर्ग त्यांनी घेतला. फेज आणि न्यूट्रल, फ्यूज आणि एमसीबी, लाइन मेली आहे असे सांगणाऱ्यावर नव्हे तर टेस्टरवर विश्वास ठेवायचा, एक हात खिशात ठेवून काम करायचे म्हणजे करंट छातीतून जात नाही. सर मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होते. आपल्या शाळेने आम्हाला दिलेल्या अनेक गोष्टींत हे दृश्य आम्ही फार वरचे मानतो.

मोहिमेतील खरा पेच त्याच वेळी चालू होता. डिसेंबर २००० मध्ये उघडलेला एक सौरपंख, सुमारे पस्तीस मीटर लांबीचा, घडी करून पेटीत घालायचा होता, म्हणजे शेजारच्या नव्या पंखांना सूर्याबरोबर फिरायला जागा झाली असती. सहा वर्षे उघडा राहिलेला पंख मिटेना. आतून आज्ञा देत सहा तासांहून अधिक वेळ आत-बाहेर केल्यावर तो जेमतेम अर्धा मिटला आणि अडकला. त्याच्या मार्गदर्शक तारा त्यांच्या छोट्या कड्यांत घासून अडत होत्या. स्थानकावरील जर्मन अंतराळवीर थॉमस रायटर यांनी आतील व्यायामयंत्रावर जोरजोरात व्यायाम करून सारे स्थानक हादरवण्याचाही प्रयत्न केला. हे ऐकून वर्गात जो हशा पिकला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला. पण उपाय मुळीच खुळा नव्हता. बसलेली छत्री आपणही अशीच झटकतो.

शेवटी आणखी एक, आधी न ठरलेला स्पेसवॉक करायचे ठरते आहे, असे सरांनी सांगितले. काकांनी मान हलवली. “बाकीची लाइन बंद करता येते. सूर्य कसा बंद करणार? पत्र्यावर ऊन पडलं की करंट येणारच. हत्यारांना टेप गुंडाळली असणार त्यांनी, बघा.” बुधवारी नवे कागद आले. १८ डिसेंबरला कर्बीम आणि फुगलसांग यांनी साडेसहा तासांहून अधिक बाहेर राहून तो पंख हलवत, ढकलत, तारा सोडवत पेटीत बसवला, आणि त्यांच्या हातातील अवजारांना विद्युतरोधक टेप गुंडाळलेली होती. एका शटल मोहिमेत चार स्पेसवॉक करणारे कर्बीम हे पहिलेच. पण त्या बुधवारी वर्गात विजय काकांचा साजरा झाला. त्यांच्या मुलाला त्याविषयी काही बोलता आले नाही. सत्रअखेरीच्या अर्जावर मात्र त्याने त्या रकान्यात ‘वायरमन (परवानाधारक)’ असे लिहिले. कंसातला शब्द त्याने अधोरेखित केला होता.

यान २२ डिसेंबरला केनेडी केंद्रावर उतरले. रायटर परतले आणि त्यांच्या जागी सुनीता विल्यम्स वर राहिल्या, पुढील जूनपर्यंत. त्यांनी वर कापलेला केसांचा शेपटा याच यानातून खाली पाठवला, आजाराने केस गेलेल्या मुलांसाठी दान म्हणून. आमच्या मुलींना हे विशेष आवडले, आणि त्यानंतर महिनाभर वसतिगृहातील वेण्या संकटात होत्या.

एवढ्या खटाटोपाने बसवलेला तो सांधा पुढे दहा महिने रिकामाच होता. आम्ही नववीत गेलो आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तीच डिस्कव्हरी पुन्हा निघाली. या खेपेला यानाची प्रमुख पॅमेला मेलरॉय आणि स्थानकाची प्रमुख पेगी व्हिट्सन, दोन्हीकडे स्त्रिया. मिटवलेले पंख उचलून त्या सांध्याच्या टोकाला बसवले आणि उघडायला घेतले. पहिला नीट उघडला. दुसरा, तोच आपला हट्टी पंख, उघडता उघडता फाटला. मग आत बसून तारेचे आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे टाके घरच्या घरी तयार केले गेले, आणि ३ नोव्हेंबरला स्कॉट पॅराझिन्स्की हे डॉक्टर असलेले अंतराळवीर लांब दांड्याच्या टोकावर उभे राहून, जिवंत करंट असलेला तो पंख न स्पर्शता, गोधडीला घालावेत तसे टाके घालून आले. दिवाळीच्या सुटीच्या तोंडावरची ही बातमी. बोईसर स्थानकात शटलची वाट पाहताना ती आम्ही मोठ्याने वाचली होती, कारण काका फलाटावर मुलाला न्यायला आले होते. “टेप?” त्यांनी विचारले. होती, पोशाखावरच्या धातूच्या भागांवरसुद्धा.

डिस्कव्हरी २०११ साली निवृत्त झाली. तिच्या जागी आता दुसरी याने जातात. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला त्याच स्थानकावर अठरा दिवस राहून आले. स्थानक अजून फिरते आहे, सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे पालघरहून अहमदाबाद जेवढे लांब साधारण तेवढेच. केळव्याच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरून अनुकूल संध्याकाळी ते दिसते: न लुकलुकणारा, वेगाने सरकणारा तेजस्वी ठिपका. चार-सहा मिनिटांत एका क्षितिजाकडून दुसऱ्याकडे.

एक गोष्ट राहिली. त्या रविवारी उठता उठता काकांनी सरांना एक प्रश्न विचारला होता. “सर, सगळं समजलं. पण तिथं जमीनच नाही. मग अर्थिंग कुठं देतात?” सरांनी प्रामाणिकपणे सांगितले की शोधावे लागेल, आणि प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिला. फळा रोज पुसला जाई. त्या चौकटीला मात्र वर्ष संपेपर्यंत कोणी डस्टर लावला नाही.

उत्तर आमच्यातील एका मुलीने आणले, काही वर्षांनी. ती विद्युत अभियांत्रिकीची पदविका करत होती. सुटीत गावी जाताना ती बोईसरला उतरली आणि थेट काकांच्या चाळीत गेली. तिने सांगितले ते असे. स्थानकाचा धातूचा सांगाडा हाच सर्व यंत्रांचा समाईक अर्थ. प्रत्येक जोडणी शेवटी त्यालाच मिळते. पण त्या उंचीवरची पोकळी अगदी रिकामी नसते, विद्युतभारित कणांचे विरळ वातावरण भोवती असते. सौरपंख १६० व्होल्टचे, त्यामुळे सगळे स्थानकच त्या वातावरणाच्या तुलनेत ऋणभारित होत जाते. बाहेर काम करणाऱ्या माणसाला त्याचा धोका असतो. म्हणून कण्याच्या मुळाशी एक उपकरण बसवले आहे. ते झेनॉन वायूचे विद्युतभारित कण बाहेर सोडत राहते आणि स्थानकावर साठलेला भार त्या वाटेने भोवतालात निघून जातो. जमीन नाही, म्हणून भोवतालालाच अर्थिंग.

काकांनी सगळे ऐकले. मधे एकदा झेनॉन म्हणजे काय ते विचारले. मग म्हणाले, “आणि ते यंत्र बंद पडलं तर?”

“दोन आहेत, काका. एक बंद पडलं तर दुसरं.”

“दोन लावलीत ना?” काकांनी वळलेल्या बोटांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “मग लावणारा माणूस कामाचा होता.”